‘सोनं सापडलं’ म्हणजे नेमकं काय सापडलं? छोट्या सोनेशोधक कंपनीचे कागद वाचायची रीत

आमचे मामा विट्याजवळच्या गावातले. गेली तीस वर्षं तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतात. मोडीचे दागिने आणा नाहीतर सराफाच्या दुकानातला कचरा आणा, मूस तापवून त्यातलं सोनं वेगळं काढून हातावर ठेवतील. सोन्याच्या बाबतीत मामांना कुणी गंडवू शकत नाही, असा त्यांचा समज आणि आमचाही. मागच्या दिवाळीत त्यांचा फोन आला. “अरे, एक कंपनी सापडलीय. सहा ठिकाणी सोनं आहे तिच्याकडे. शेअर अगदी स्वस्तात मिळतोय. घेऊ का?”

मी भूशास्त्र शिकलो आणि चार वर्षं ड्रिलिंगच्या मांडवाखाली कोअरचे, म्हणजे जमिनीतून काढलेल्या दगडी कांड्यांचे, ट्रे मोजत काढली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. म्हटलं, “मामा, सहा ठिकाणी सोनं शोधायची परवानगी आहे म्हणा. सोन्याचं अजून कुणालाच माहीत नाही.”

त्या रात्री फोनवर जे समजावलं तेच इथे जरा नीट लावून देतोय. कोणता शेअर घ्यावा हे यात मिळणार नाही. कंपनीचं निवेदन समोर आलं की कुठून वाचायला लागायचं, एवढं मिळेल.

पहिली पायरी: गाडी कुठल्या स्टेशनावर आहे ते बघा

कंपनीच्या नकाशावर लाल ठिपके असतात आणि प्रत्येकाला ‘प्रॉस्पेक्ट’, म्हणजे सोनं असू शकेल अशी जागा, म्हटलेलं असतं. एखाद्या ठिपक्यामागे इतकंच असू शकतं की ओढ्याच्या वाळूत सोन्याचा अंश मिळाला, किंवा रानात जुने खड्डे दिसले. दक्षिणेत असे खड्डे भरपूर आहेत. कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात हट्टीच्या परिसरात तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसं खोलवर उतरून सोनं काढत होती. खुणा म्हणून त्या मोलाच्याच, पण खूण म्हणजे खाण नव्हे.

पुढचा क्रम साधारण असा. माती ठरावीक अंतरावर गोळा करून तपासायची. जिथे आकडे चढे येतील तिथे चर खणून खडक उघडा करायचा. मग ड्रिलिंग. पुरेशी भोकं पाडून झाली की जमिनीखाली किती खनिज असावं याचा अंदाज मांडायचा. त्याला ‘रिसोर्स’ म्हणतात आणि त्याच्याही तीन पायऱ्या आहेत: इन्फर्ड, इंडिकेटेड, मेझर्ड. इन्फर्ड म्हणजे भोकं लांब लांब आहेत, मधली जागा तर्काने भरलीय. मेझर्डमध्ये भोकं इतकी जवळ असतात की मधल्या खडकाबद्दल फारशी शंका उरत नाही. त्यानंतर खर्च, यंत्रं, पाणी, परवाने, भाव हे सगळं धरून जेवढं फायद्यात काढता येईल तेवढं ‘रिझर्व्ह’. आपल्या सरकारी अहवालांत जी-४ ते जी-१ असे टप्पे दिसतील. जी-४ सगळ्यात प्राथमिक, जी-१ सगळ्यात तपशिलाचा.

आपल्या वर्तमानपत्रांत रिसोर्सलाही ‘साठा’ म्हणतात आणि रिझर्व्हलाही ‘साठा’च. निम्मा घोळ तिथेच होतो. कोलारच्या खाणी आठवा. सव्वाशे वर्षांत तिथून सुमारे ८०० टन सोनं निघालं आणि कामं तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली. शेवटी सोनं काढायचा खर्च सोन्याच्या भावाला मागे टाकू लागला आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. सोनं तिथे आजही आहे. पण त्या दिवशीच्या हिशेबात ते साठ्यातून बाहेर पडलं.

तेव्हा प्रत्येक ठिपक्यासमोर एक शब्द लिहा: माती, चर, भोक, रिसोर्स किंवा रिझर्व्ह. मामांच्या सहा जागांपैकी चारांसमोर ‘माती’ आलं.

दुसरी पायरी: गुणाकार स्वतः करा

ग्रेड, म्हणजे दगडात सोन्याचं प्रमाण किती, ती ग्रॅम प्रतिटनात सांगतात. ‘३ ग्रॅम प्रतिटन’ म्हणजे हजार किलो दगड फोडून, दळून, धुऊन त्यातून तीन ग्रॅम सोनं, म्हणजे एक नाजूक अंगठी. हे ऐकून नवख्या माणसाला हसू येतं, पण तीन ग्रॅम हा वाईट आकडा नाही. उघड्या खाणीत एक-दीड ग्रॅमवरही धंदा चालतो. खोल भुयारात उतरायचं असेल तर मात्र जास्त लागतं.

आता गुणाकार. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३,३५० टन सोनं सापडल्याची बातमी आली. टीव्हीवाले नाचले. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा सहाशे टनांहून थोडं अधिक सोनं होतं, म्हणजे एका जिल्ह्यात देशाच्या तिजोरीच्या पाचपट! दोनच दिवसांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला की तिथे सुमारे ५२,८०६ टन खनिज आहे आणि त्याची सरासरी ग्रेड ३.०३ ग्रॅम प्रतिटन. मोबाइलवर गुणा. १,६०,००० ग्रॅम, म्हणजे १६० किलो. आपल्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने सोळा हजार तोळे. तेही सगळं हाती येत नाही, दळताना-धुताना काही टक्के गळतंच. बातमीत टन होते ते दगडाचे की सोन्याचे, एवढा एकच प्रश्न विचारला असता तर दोन दिवसांचा तमाशा टळला असता.

परदेशी कंपन्या औंसात बोलतात. हा ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅमचा. एक लाख औंस ऐकायला भारी वाटतं, होतात ३.१ टन. दहा लाख औंसांच्या पुढे आकडा गेला की मोठ्या कंपन्या मान वळवून बघू लागतात.

तिसरी पायरी: ड्रिलिंगचा निकाल उलगडा

सगळ्यात जास्त हातचलाखी इथे चालते. हातचलाखी म्हणजे खोटं नव्हे. आकडे खरे असतात, फक्त मांडणी कंपनीला सोयीची असते.

समजा निवेदनात असं आहे: ‘२० मीटर लांबीत सरासरी २ ग्रॅम, त्यातच १ मीटर ३६ ग्रॅम.’ वाचणाऱ्याला वाटतं, वीस मीटर चांगला खडक आणि वर छत्तीसची चेरी. लांबी आणि ग्रेड गुणून बघा. २० गुणिले २ म्हणजे ४०. त्यातले ३६ त्या एकट्या मीटरने आणले. उरलेल्या १९ मीटरांच्या वाट्याला ४, म्हणजे सरासरी ०.२ ग्रॅम प्रतिटन. ते एकोणीस मीटर नुसता दगड आहे! एका मीटरचं सोनं वीस मीटरभर पसरून दाखवलंय. ‘त्यातच’ हा शब्द दिसला की कॅल्क्युलेटर काढायची सवय लावून घ्या.

दुसरं, भोकातली लांबी म्हणजे शिरेची जाडी नव्हे. भेंडी तिरकी चिरली की चकती लांबट दिसते, तसंच. शिरेला जवळजवळ समांतर भोक पाडलं तर दोन मीटरची शीर दहा मीटर दिसेल. प्रामाणिक कंपनी ‘खरी जाडी’ वेगळी देते. ती दिली नसेल तर समासात प्रश्नचिन्ह काढा.

तिसरं म्हणजे न सांगितलेली भोकं. निवेदनात भोक क्रमांक ४, ७ आणि ११ आहेत. मग ५, ६, ८, ९, १० कुठे गेली? सगळ्या भोकांचा नकाशा आणि सगळ्या निकालांचा तक्ता जोडलेला असायला हवा. आमच्या साइटवर सलग पाच भोकं कोरडी गेली तेव्हा जेवणाच्या तंबूत कुणी कुणाशी बोललं नव्हतं. असे दिवस प्रत्येक साइटवर येतात. ज्या कंपनीच्या कागदात ते कधीच येत नाहीत, तिचे कागद दोनदा वाचा.

आणि ‘दगडाच्या नमुन्यात ८५ ग्रॅम सोनं’ असं काही वाचलंत तर तो दगड कुणी, कसा उचलला ते बघा. भूवैज्ञानिक रानात फिरताना गारगोटीचा सगळ्यात चमकदार तुकडाच उचलतो. मीही तेच करायचो. आंब्याच्या पेटीच्या वरच्या थरावरून खालचे आंबे ठरवू नयेत, तसं ते.

चौथी पायरी: मोजलं कुणी आणि कसं

मामांना सगळ्यात आवडला तो हा भाग, कारण प्रयोगशाळेत जे चालतं ते म्हणजे गलाईच. ‘फायर असे’ म्हणतात त्या पद्धतीला. तीस किंवा पन्नास ग्रॅम दगडाची पूड घ्यायची, तिच्यात मुरदाडशिंग, टाकणखार, सोडा मिसळायचा आणि मुशीत हजार अंशांच्या वर वितळवायचं. मुरदाडशिंगातलं शिसं सुटं होऊन तळाला जातं आणि जाताना सोनं-चांदी गोळा करून नेतं. मग तो शिशाचा गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. शिसं वाटीत मुरतं, मागे मोहरीहून लहान मणी राहतो. तेजाबाने त्यातली चांदी काढायची आणि उरेल ते तोलायचं. “अरे, मग आमचंच काम की हे!” मामा म्हणाले. हो, फरक इतकाच की तुम्ही दागिना वितळवता तेव्हा सोनं असतंच, इथे पन्नास ग्रॅम दगडात ते बहुतेक वेळा नसतंच.

म्हणून नमुना मुशीत पडायच्या आधी त्याचं काय झालं, ते महत्त्वाचं. रीत अशी: जमिनीतून निघालेली कोअर, म्हणजे दगडाची लांब कांडी, करवतीने उभी अर्धी कापायची. अर्धी प्रयोगशाळेत जाते, अर्धी क्रमांक घालून ट्रेमध्ये जपून ठेवायची, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर फेरतपासणी करता येते. नमुन्यांच्या पिशव्यांत मधूनमधून सोनं नसलेला साधा दगड आणि ग्रेड आधीच ठाऊक असलेली पूड गुपचूप घालतात. साध्या दगडात सोनं निघालं तर प्रयोगशाळेत घाण आहे हे कळतं.

ही रीत धाब्यावर बसवली की काय होतं, ते ब्री-एक्सने दाखवलं. कॅनडातल्या कॅलगरीची छोटी कंपनी, तिचा प्रॉस्पेक्ट इंडोनेशियात पूर्व कालिमांतानच्या जंगलात बुसांग नावाच्या ठिकाणी. दर काही महिन्यांनी साठ्याचा आकडा फुगत गेला आणि १९९७ च्या सुरुवातीला तो सात कोटी औंसांपर्यंत पोचला. काही सेंटचा शेअर दोनशे डॉलरांच्या पार गेला आणि कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलर झाली. कोअर अर्धी ठेवायच्या ऐवजी हे लोक जवळजवळ सगळीच दळून टाकत. मागे तपासायला काही उरतच नव्हतं. मग फ्रीपोर्ट या मोठ्या कंपनीने भागीदारीआधी स्वतःची भोकं पाडली, ब्री-एक्सच्या भोकांच्या अगदी शेजारी. सोनं जवळपास शून्य. त्याच मार्चमध्ये तिथला भूवैज्ञानिक मायकेल द गुझमान हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र तपासनिसांनी जाहीर केलं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. त्यातले कण नदीतल्या सोन्यासारखे गोल झिजलेले होते. खडकातून नुकतं निघालेलं सोनं तसं नसतं. मामा म्हणाले, “आमच्या गल्लीतला पोरगाही भिंगातून ओळखेल.” ओळखलं असतं, पण बघितलं कुणी नाही.

त्या घोटाळ्यानंतर कॅनडाने २००१ पासून ‘४३-१०१’ नावाचा नियम लागू केला. ऑस्ट्रेलियाची ‘जॉर्क’ संहिता १९८९ पासूनच होती. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: साठ्याच्या आकड्याखाली अनुभवी भूवैज्ञानिकाचं नाव लागतं आणि जबाबदारी त्याच्यावर येते. तेव्हा निवेदनाच्या शेवटी बारीक अक्षरातलं ते नाव शोधा. तो कंपनीचाच पगारी माणूस आहे की बाहेरचा, हेही तिथेच लिहिलेलं असतं. नाव नसेल तर आकडा हवेतला.

पाचवी पायरी: जमिनीवरचा हक्क

भारतात प्रॉस्पेक्ट दगडापेक्षा कागदात जास्त अडकतात. हे वाक्य मी मामांना तीनदा सांगितलं.

खाणींचा मूळ कायदा १९५७ चा. पूर्वी ‘जो आधी अर्ज करेल त्याचा आधी विचार’ असं चालायचं, आणि ज्याने शोध घेतला त्याला खाणपट्ट्याचा, म्हणजे तिथे खाण चालवायचा, हक्क मिळायचा. जानेवारी २०१५ मध्ये हे बदललं आणि लिलाव आले. जुन्या हक्कांवरचे काही अर्ज तेव्हा वाचवले होते. मार्च २०२१ च्या दुरुस्तीने तेही रद्द झाले, खर्चाची भरपाई देऊ म्हटलं. कर्नाटकच्या हावेरी जिल्ह्यातलं गणजूर हे त्याचं ठळक उदाहरण. मुंबई शेअर बाजारात नोंदलेली डेक्कन गोल्ड माइन्स तिथे वर्षानुवर्षं काम करत होती, ड्रिलिंग झालं होतं, साठा मांडला होता. २०२१ च्या दुरुस्तीने खाणपट्ट्याचा अर्जच निकालात निघाला. खडक तोच, ग्रेड तीच, हक्क मात्र गेला.

आता उलटं उदाहरण. आंध्रातल्या कुर्नूल जिल्ह्यात जोन्नगिरी आहे. अशोकाचा शिलालेख असलेलं एर्रगुडी तिथून जवळच, आणि अशोककालीन ‘सुवर्णगिरी’ म्हणजे हेच गाव असं काही अभ्यासक मानतात. पावसाळ्यात लोक तिथल्या शेतांत हिरे वेचायला गोळा होतात. जोन्नगिरीचा खाणपट्टा जिओमैसूर सर्व्हिसेस या कंपनीला २०१३ मध्ये मिळाला. डेक्कन गोल्डने पुढे या कंपनीत सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला. पूर्ण क्षमतेने वर्षाला ७५० किलो सोनं काढायचा मानस डेक्कन गोल्डने २०२३ मध्ये सांगितला. पट्टा हातात पडल्यावर दहा वर्षांनीही गोष्ट ‘मानस’ शब्दापाशी होती, हे लक्षात घ्या. जमीन, पर्यावरण परवानग्या, प्रक्रिया-कारखाना, पैसा, या प्रत्येकाला आपापला वेळ लागतो.

२०२३ मध्ये कायद्यात अन्वेषण परवाना आला. तो सोन्यासह २९ खनिजांसाठी आहे. नवख्याने यातली मेख समजून घ्यावी: हा परवाना घेणारा शोध घेतो, पण पुढे खाणपट्ट्याचा लिलाव होतो आणि तो दुसराच कुणी जिंकू शकतो. शोधणाऱ्याला त्या लिलावाच्या रकमेतून वाटा मिळत राहतो. म्हणजे ‘कंपनीला परवाना मिळाला’ ही बातमी आणि ‘कंपनीची खाण होणार’ ही बातमी, यांत कुंपण आहे.

परदेशी कंपनीच्या कागदात ‘७० टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळवण्याचा हक्क’ असं काही असेल तर आज तिच्याकडे किती आहे ते शोधा. पुष्कळदा उत्तर शून्य असतं. इतक्या वर्षांत इतका खर्च केला तर मिळेल, असा तो करार असतो.

सहावी पायरी: खिशात किती आहे

शोधक कंपनीला उत्पन्न नसतं. शेअर विकून पैसे आणायचे आणि भोकं पाडायची, संपले की पुन्हा शेअर काढायचे. मी नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून परदेशातल्या अशाच एका छोट्या कंपनीचे शेअर घेतले होते. प्रॉस्पेक्ट खरोखर चांगला होता, पुढे साठाही वाढला. पण तीन वर्षांत कंपनीने इतके नवे शेअर काढले की मी एकही न विकता माझा हिस्सा पावावर आला. भाकरी मोठी झाली, खाणारे चौपट झाले.

म्हणून शिल्लक रक्कम भागिले तिमाही खर्च, एवढं करा. ऑस्ट्रेलियातल्या शोधक कंपन्यांना किती तिमाही पुरतील एवढे पैसे उरलेत, हे दर तिमाहीच्या अहवालात लिहूनच द्यावं लागतं. दोनपेक्षा कमी उत्तर आलं तर नवे शेअर दारात उभे आहेत. त्या खर्चातला किती जमिनीत गेला आणि किती पगार-जाहिरातीत, तेही बघा.

शेजारच्या विहिरीचं पाणी

‘आमचा प्रॉस्पेक्ट अमुक मोठ्या खाणीपासून पाच किलोमीटरवर आहे.’ हे वाक्य फार लोकप्रिय. शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून आपल्या बोअरला लागतंच असं नाही, हे दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला मी काय सांगावं.

तरी खडकाचा पट्टा कोणता, हे जरूर बघा. कोलार, हट्टी, जोन्नगिरी हे सगळं अडीच अब्ज वर्षांहून जुन्या हिरवट शिलांच्या पट्ट्यांत येतं. आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याच्या काळ्या पाषाणात असल्या सोन्याची आशा नाही. अमुक किल्ल्याच्या डोंगरात सोन्याची शीर आहे असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर शांतपणे पुसून टाका. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या विदर्भात, साकोली पट्ट्याच्या जुन्या खडकांत, नागपूर-भंडारा भागात परसोडी, मरुपारकडे.

हे सगळं झाल्यावर मामांनी चष्मा लावून ते निवेदन पुन्हा वाचलं. सहापैकी चार जागी फक्त माती, एका जागी जुने खड्डे, एका जागी तीन भोकं आणि त्या जागेचा अर्ज अजून सरकारदरबारी. मग त्यांनी भाच्याला न विचारता कंपनीला ईमेल टाकला, भाचीकडून इंग्रजीत लिहून घेऊन: त्या तीन भोकांची राहिलेली अर्धी कोअर कुठे ठेवली आहे, आणि बघायला यायचं असेल तर कोणत्या वारी यावं?

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सोबत सहा प्रॉस्पेक्टचा नकाशा होता, ठिपके या वेळी सोनेरी.